शेणाचं पथ्य

शेणाला पथ्य पाळायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: नवागामातले आमचे शेजारी, सुकदेवआप्पा. खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करणारे. कानांतला खडखडाट निवण्याआधीच ते मागच्या तबेल्यातून शेणाचं घमेलं भरून आणत.

तबेल्यातल्या म्हशी खाडीचं पाणी पीत, आणि खाडी रंगाच्या मिलांच्या मर्जीनं कधी जांभळी, कधी हळदी वाहे. "शेणमाबी तेच उतरस," आप्पा म्हणत. म्हणून ते गावाकडच्या पऱ्हाट्या, कापसाची ती वाळलेली झाडं, घट्ट झाकणाच्या पिंपात जाळत. राख होऊ द्यायची नाही, कोळसाच हवा. तो कुटून शेणात थरावर थर द्यायचा आणि तीन महिने ढीग खालीवर करायचा.

"कोळसा इख, जहर, धरी ठेवस. मुळीले जाऊ देत नही."

त्या खतावर गंजक्या डब्यांतून शेपू उगवे. पहिली कापणी आठ दिवस आप्पा एकटेच खात. शेजारच्या कमलबाई चिडवत, "आप्पा, देवाआधी तुमचाच नैवेद्य?"

"देवले पचस. माणूसले नही."

मला सातवा महिना लागला आणि आप्पा माझ्या दारात शेपूची जुडी ठेवू लागले: धुतलेली, पिसासारखी मऊ. मी हसून घेई. पण ती हातात येताच माझ्या नाकात घमेलं दरवळे, आणि जुडी कमलबाईंच्या शेळीपुढे जाई.

"कडू नही ना लागनी?" ते विचारत.

"गोड होती, आप्पा."

एका सकाळी त्यांनी शेळीच्या तोंडात तो शेपू पाहिला. मी क्षमेचे शब्द जुळवत राहिले. आप्पा माझ्या पायरीवर बसले आणि नखांतली काजळी कोरू लागले.

"मनी पोर पहिला बाळंतपणले येल व्हती. मीच ताजं शेण टाकीसन शेपू लावा. मीच खावाडा तिले. ती ऱ्हायनी नही. बाळबी नही. डाक्टर म्हणे, कावीळ."

"मग तुमचा काय दोष, आप्पा?"

"शेळीले दिधं ते तुनं बराबर शे, पोरी. आजून साफ व्हयनं नही."

त्याच दिवशी त्यांनी सगळे डबे ढिगावर पालथे केले, वर दुप्पट कोळसा घातला. त्यानंतर शेपू पुन्हा उगवला, अनेकदा. पण त्यांनी तो कोणाच्याच दारात ठेवला नाही. आठ दिवसांचे पंधरा झाले, मग महिना. मी मागायला जाई, अगदी मनापासून. ते मान हलवत.

माझी मुलगी चालू लागली तेव्हा एकदा दुडदुडत त्या डब्यांपाशी गेली आणि तिनं एक हिरवी काडी मुठीत धरली. आप्पा वाकले. तुटलेला धागा उचलावा तशा दोन बोटांनी त्यांनी तिची मूठ अलगद सोडवली.

"आजून नही, माय," ते तिला म्हणाले.