पाहुण्यांच्या आधीची शिट्टी

मेहरूण तलावावर साडेआठला स्पर्धा सुरू व्हायची होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. जळगावच्या त्या कॉलेजची ही पहिलीच ट्रायथलॉन. नऊ वाजले तरी शिट्टी वाजवून उद्घाटन करणारे पाहुणे रस्त्यातच होते. बत्तीस पोरंपोरी जानेवारीच्या गारठ्यात काठावर कुडकुडत उभी होती.

"अभिमन सर, तोवर दोन शब्द बोला," प्राचार्य म्हणाले.

क्रीडाशिक्षक अभिमन सरांनी तीन महिने खपून आशियाई ट्रायथलॉन अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासाची टिपणं काढली होती. घरात ती ऐकायला कुणी बसत नव्हतं. सरांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"आशिया हा जगातला सर्वांत मोठा खंड आहे..."

खंडातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत यायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पोरांचे ओठ जांभळे पडले.

"आणि मग नव्वदच्या दशकातली ती सकाळ! पहिली आशियाई स्पर्धा! खेळाडूंचे डोळे पाण्याकडे. श्वास रोखलेले. आणि तेवढ्यात..."

रंगात आलेल्या सरांनी, पाहुण्यांसाठी गळ्यात जपून ठेवलेली शिट्टी फुर्रकन वाजवली.

बत्तीसच्या बत्तीस जणांनी पाण्यात उड्या मारल्या.

"अरे थांबा! ती त्या आशियाई खेळाडूंची शिट्टी होती, तुमची नाही!" सर ओरडले. थांबवण्यासाठी त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली, तशी पोरं आणखी जोरात हात मारू लागली.

शिपाई झुलालनाना धावत आले. "सर, बठ्ठा पाणीमा ग्यात ना!"

"दिसतंय, नाना. स्टॉपवॉच लावलं का?"

"कसं लावू? हातमा चहानी किटली व्हती."

प्राचार्य लालबुंद झाले होते. "आता पाहुण्यांना काय दाखवू? ओले टॉवेल?"

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा पोरं सायकलींवर टांग टाकून निघाली होती. पाहुण्यांनी सायकली पाहिल्या, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हात जोडले.

"माफ करा, प्राचार्य. आपल्याकडे साडेआठ म्हणजे दहा, असं धरून निघालो. पाहुण्यासाठी न थांबलेला कार्यक्रम आज पहिल्यांदाच बघतोय."

प्राचार्यांनी राग गिळला. "शिस्त म्हणजे शिस्त, साहेब."

दोंडाईच्याची रत्ना पहिली आली. धापा टाकत तिने विचारलं, "मना टाइम काय शे?"

"पहिला नंबर शे ना, मंग टाइमनं काय करशी?" नानांनी तिच्या हातात चहा दिला.

बक्षिसं वाटून झाल्यावर पाहुणे सरांच्या कानाशी वाकले. "एका अर्थी बरंच झालं. नाहीतर मला उद्घाटनाचं भाषण करावं लागलं असतं. आशियाई ट्रायथलॉनचा इतिहास. पीएनं चांगली अकरा पानं काढून दिली होती."

"अकराच?" सरांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा, साहेब."