दोन किलो टरफलं

कशेळ्याचा जयवंता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस होता. तिथले पाठारे सर चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, टरफलांतून एक चिवट पदार्थ काढत, त्यात हाडातलं खनिज मिसळत आणि पावासारखी जाळीदार वडी करत. मोडक्या हाडाच्या खड्ड्यात ती बसवली की तिच्या भोकांतून नवं हाड वाढेल, असा त्यांचा होरा होता.

"सोमवारी दोन किलो टरफलं आण," सर म्हणाले, "नाहीतर प्रयोग बंद आणि तुझी नोकरीही."

जयवंता मनात हसला. रविवारी गटारी, भातलावणी उरकलेली, घरोघरी चिंबोऱ्या शिजणार. शनिवारी गावी पोचताच त्याने घरोघर सांगून ठेवलं, "खाऊन झालं की टरफलं मला द्या."

रविवारी सकाळीच शेजारचे गोमाकाका पिशवी घेऊन हजर. पिशवी वळवळत होती.

"काका, रिकामी टरफलं मागितली होती!"

"खुळा का काय रं? सायबाला आमचं उष्टं धाडू? जित्या ने, मानानं ने!"

सारा गाव असाच मानी निघाला. दुपारपर्यंत घरात पिशव्यांची रास झाली. एक चिंबोरी बाजेखाली गेली, दुसरीने बापाचं धोतर धरलं. जयवंता रडकुंडीला आला.

आई सोनाबाईंनी पदर खोचला. "रडतोस काय रं? गावाला जेवाय बोलाव. खातील हितं, टरफलं ऱ्हातील हितंच."

पंगत बसली. प्रत्येक पानावर टरफलांचा ढीग चढू लागला तसा जयवंताचा जीव भांड्यात पडला. पण जेवण होताच जो तो आपली पत्रावळ उचलून उभा राहिला.

"ठेवा, ठेवा!" जयवंता दारात आडवा झाला.

"आमचं उष्टं तुज्या आयेनं काढायचं? पाप लागंल रं!" म्हणत गोमाकाका त्याच्या हाताखालून निसटले. मागून सगळी रांग थेट उकिरड्यावर गेली.

उरलेला दिवस जयवंता उकिरड्यातच होता.

सोमवारी सरांनी एक टरफल उजेडात धरलं. "मांसाचा कणसुद्धा नाही! एवढं साफ करायला आम्हाला चार दिवस लागतात. कुठलं यंत्र वापरतोस?"

"गावाकडचं हाय, सर."

नोकरी कायम झाली आणि दसऱ्यानंतर सर यंत्र बघायला कशेळ्याला आले. ते पंगतीत बसले, नांगी न् नांगी चोखली. टरफलांची किंमत जाणणारा एक तरी माणूस जेवायला बसला, म्हणून जयवंता आनंदाने न्हाला.

इतक्यात सर पत्रावळ घेऊन उठले.

"सर, राहू द्या ती!"

"छे रे, आईंनी माझं उष्टं काढायचं?" सर संकोचले. "कुठे टाकायची?"

गोमाकाकांनी मोठ्या कौतुकाने उकिरड्याकडे बोट दाखवलं.