लागोपाठ दोन गाणी नाहीत

फिलिपीन्समधल्या आमच्या मिआगाओ गावात पोलिकार्पो नोब्लेझासारखा, म्हणजे माझ्यासारखा, नाचणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. हे मला ठाऊक आहे, कारण गावाला ते मीच सांगितलं. त्या वेळी मी जहाजावर जेवणाच्या दालनात वेटर होतो, गाव समुद्रापलीकडे होतं, आणि तिथून जहाजावर येऊन पडताळा पाहणार कोण?

खरी गोष्ट इतकीच, की आमच्या घरात नाचते ती माझी बायको फेलिंग. फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी ती चौकात उतरली की बँडवाले आधी तिच्याकडे बघायचे आणि मग वाजवायला घ्यायचे. मी कडेला बाकावर बसून तिची पर्स आणि पंखा धरायचो. पर्स धरायलाही माणूस लागतोच. सगळेच नाचायला लागले तर पर्स काय चर्चमधल्या संतांच्या गळ्यात अडकवायच्या?

तर झालं असं. माझ्या मुलीचं, रोदोराचं लग्न शनिवारी ठरलं आणि माझा करार संपत होता त्याच्या पुढच्या आठवड्यात. जहाजाचे मॅनेजर झ्वोनिमिर साहेब. दर्यावर्दी माणूस, भुवया अशा की त्यांत पाखरांनी घरटी करावीत. त्यांच्याकडे मी रजा मागितली. ते म्हणाले, बदली माणूस नाही. मी पुन्हा मागितली. ते म्हणाले, बदली माणूस अजूनही नाही. रोदोरा फोनवर म्हणाली, "पापा, तुम्ही नाही आलात तर मला चर्चमध्ये काका घेऊन जातील. आणि काका लंगडतात, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत नवरा म्हातारा होईल." ती हसत होती, पण हसता हसता नाक ओढत होती, ते मला समुद्रापलीकडूनही ऐकू आलं.

आणि मग फुकेतच्या बंदरावरच्या शिंपल्यांनी माझ्यावर कृपा केली.

आमच्या जहाजावर तीन नाचणारे गृहस्थ पगारावर होते. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना जोडीदार हवा म्हणून कंपनी असे सभ्य, पिकल्या केसांचे पुरुष ठेवते. हे तिघे फुकेतला उतरले, हातगाडीवर शिंपले खाल्ले, आणि जहाजावर परतले ते थेट डॉक्टरांच्या ताब्यात. डॉक्टरांनी तिघांनाही आपापल्या केबिनमध्ये कोंडून ठेवलं. आणि नेमक्या त्याच सफरीवर मलेशियातल्या इपोहच्या नृत्यमंडळाच्या बायका आल्या होत्या. नाच, नाच आणि नाच, एवढ्यासाठीच तिकीट काढलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा नाच होता. साहेबांच्या भुवयांतली पाखरं उडून गेली.

"तुमच्यापैकी कुणाला नाचता येतं?" त्यांनी जेवणाच्या दालनात येऊन विचारलं.

आता सांगा, जो माणूस वर्षानुवर्षं गावाला तेच सांगत आला, त्याने गप्प कसं बसायचं?

"साहेब, मला," मी म्हणालो. "पण शनिवारी मला मुलीच्या लग्नात नाचायचंय."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं फेलिंग बाजारात मासा उलटून पाहते. "उद्या निभावलंस तर सिंगापूरला उतर. एक जरी तक्रार आली तर करार संपेपर्यंत कांदे सोलशील. आणि नियम नीट ऐक. एकटी बसलेली बाई दिसली की तिला विचारायचं. एकाच बाईबरोबर लागोपाठ दोन गाणी नाहीत. इथे आवडती-नावडती नाही. मागे एका गृहस्थाने हा नियम मोडला, तर दोन बायकांनी एकमेकींचे टोप समुद्रात फेकले."

"टोप, साहेब?"

"केसांचे."

मी धावत लॉन्ड्रीत गेलो. तिथला एलिसेओ माझ्याच गावचा. अंगाने रेड्यासारखा, पण पाऊल धुतलेल्या चादरीसारखं हलकं. खरं तर नाचायला त्यानेच जायला हवं होतं. पण अनोळखी बाई समोर आली की त्याची दातखीळ बसते. त्याने स्वतःचं लग्नसुद्धा मान हलवून केलं.

"मानोंग कार्पो," तो म्हणाला, कारण वडीलधाऱ्याला आमच्यात मानोंग म्हणतात, मग तो कितीही मूर्ख असो, "तुला नाचता येत नाही."

"ते आपल्या दोघांत राहू दे. तू बाई हो."

वाफेच्या इस्त्र्यांमध्ये आम्ही एकमेकांना मिठी मारून नाचाच्या पावलांचा चौकोन काढायला लागलो. पुढे, बाजूला, जवळ. मागे, बाजूला, जवळ.

"मानोंग, हा चौकोन आहे का?"

"मग काय आहे?"

"मेलेला खेकडा आहे. माझ्या पायावरून उतर."

शेवटी त्याने हात टेकले आणि त्या आजारी तिघांपैकी इंग्रज गृहस्थाचा पांढरा कोट आणला. त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. एलिसेओने पाठीकडून कोट गोळा केला, त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि म्हणाला, "समोरून राजा दिसतोस. पाठ कुणाला दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाचघरात शिरलो तो भिंतीला पाठ लावून, पालीसारखा. बँड सुरू झाला. दालनाच्या मधोमध एक जाडजूड खांब, आणि खांबाच्या कडेच्या खुर्चीवर जांभळ्या रंगाच्या झग्यात एक बाई एकटी बसलेली. मंडळाच्या अध्यक्षा, मॅडम कोक. मी वाकलो, त्या उठल्या. मी पुढे, बाजूला, जवळ. त्या फार सभ्य होत्या. त्यांनी मला पूर्ण गाणंभर ओढत नेलं आणि वर "छान" म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीपाशी सोडलं, वाकलो, आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत खांबाला वळसा घातला.

तर पलीकडे मॅडम कोक हात पुढे करून उभ्या.

"माफ करा मॅडम," मी हळूच म्हणालो, "लागोपाठ दोनदा नाही. नियम आहे."

"लागोपाठ?" त्या म्हणाल्या. "मी तर आत्ताच आले."

बाई खट्याळ आहे, असं मला वाटलं. मी डोळा मिचकावला. "मॅडम, वेटरच्या नजरेतून काही सुटत नाही."

त्यांचा चेहरा जांभळ्या झग्याला शोभेल असा झाला. मी मात्र नियमाला जागलो. दुसऱ्या एका बाईंबरोबर एक गाणं काढलं, आणि मग मन मोठं करून परत खांबापाशी गेलो. मॅडम कोक खुर्चीत होत्या. "आता चालेल," मी म्हणालो. त्या हसल्या, उठल्या, आणि आम्ही परत चौकोन काढला. गाणं संपलं. मी त्यांना खुर्चीकडे आणतोय, तर खुर्चीवर आधीच मॅडम कोक बसलेल्या.

मी डोळे चोळले. समुद्र जरा हलायला लागला होता, पण माणसाला दोन दिसावेत इतका नव्हता.

"ही माझी धाकटी बहीण," माझ्या हातातल्या मॅडम कोक म्हणाल्या. "जुळी. शिंपी एकच असल्यामुळे झगेही सारखे."

"तायडे, तू बोलू नकोस," खुर्चीतल्या धाकट्या मॅडम म्हणाल्या. "जन्मभर हेच चाललंय. माणसं हिच्याबरोबर नाचतात आणि मला म्हणतात, आत्ता तर नाचलो. हिच्या वाटणीचा केक खाल्ल्याचा आळ माझ्यावर, माझ्या वाटणीचं कौतुक हिला. निदान जहाजावर तरी, म्हटलं, पगारी माणूस आहे, न्याय करील. तर याने डोळा मारला."

"मॅडम, तो डोळा तुमच्या बहिणीला होता," मी म्हणालो. त्याने काही सुधारलं नाही.

"दोन गाणी तिला, एक त्या तिकडच्या बाईला आणि मला डोळा. आता ऐक. मला तीन गाणी हवीत. लागोपाठ. नाहीतर मी निघाले तुझ्या मॅनेजरकडे."

जाण्याची गरज नव्हती. मॅनेजर दारातच उभे होते, हाताची घडी घालून, भुवया खाली ओढून, आणि माझ्याकडेच बघत. आता करा विचार! नाही म्हणावं तर तक्रार. हो म्हणावं तर साहेबांच्या डोळ्यांदेखत नियम मोडला. दोन्हीकडून कांदेच. माझ्या डोळ्यांसमोर काका लंगडत लंगडत माझ्या पोरीला घेऊन चालले होते.

"मॅडम," मी म्हणालो, "शनिवारी माझ्या मुलीचं लग्न आहे. एक तक्रार झाली तर मी इथे आणि ती तिथे. तुम्ही म्हणाल ते करतो. फक्त ते साहेब तिकडे उभे आहेत."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आरशाने आरशाकडे बघावं तसं.

मग थोरल्या मॅडम हळूच हसल्या. "धाकटे, शाळेत तुझी गणिताची परीक्षा कुणी दिली?"

"तू. आणि नापास केलंस मला."

"पण कुणाला कळलं का? मग या भुवईवाल्याला काय कळणार. मी खांबाआड चहा घेत बसते. तू नाच. गाणं संपलं की खांबाच्या या बाजूने आत ये आणि त्या बाजूने मी होऊन बाहेर जा."

आणि तस्संच झालं. पहिलं गाणं मी धाकट्या मॅडमबरोबर नाचलो. त्यांना खांबाच्या डाव्या बाजूला पोचवलं, वाकलो, पाठ सांभाळत उजवीकडे गेलो. तोवर त्या आतून फिरून उजवीकडे उभ्या. "आता थोरल्या बहिणीला पण संधी देतो," मी साहेबांना ऐकू जाईल असं म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. खांबाआडून थोरल्या मॅडमना चहाचा ठसका लागल्याचा आवाज आला.

तिसरं गाणं सुरू झालं आणि जहाजाने कूस बदलली.

तो डोल साधासुधा नव्हता. माझ्या हयातीत मी असा डोल पाहिला नाही. पियानोसुद्धा खाली बसायला खुर्ची शोधत होता. कप टेबलांवरून निघाले, बायका खुर्च्यांना बिलगल्या, बाकीच्या जोड्या गालिच्यावर बसत्या झाल्या. क्लॅरिनेटवाल्याने तर, मी शपथ घेतो, एका सुरात सुरुवात केली आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो सूर संपवला.

"आता पडणार," धाकट्या मॅडम म्हणाल्या.

पण मंडळी, इथे माझा चौकोन संपला आणि माझा धंदा सुरू झाला. जहाज डाव्या अंगाला कललं की वेटर काय करतो? गुडघा मोडतो, ताट उजवीकडे तोलतो आणि घसरण जिकडे नेईल तिकडे लांब पाऊल टाकत जातो, जणू त्याला तिकडेच जायचं होतं. जहाज उजवीकडे आलं की तोही परत.

"मॅडम, माझ्यावर सोडा. मी सूप घेऊन निघालोय, असं समजा."

"मी सूप?"

"काठोकाठ भरलेलं."

मॅडमनी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. आम्ही त्या दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेलो, वळलो, परत आलो. एक थेंब सांडला नाही. पाठ भिंतीला लावायचं कुठलं भान! कोटाचे चिमटे एकेक करून सुटायला लागले, कोट पाठीमागे शिडासारखा फुगला, एक चिमटा उडून थेट साहेबांनी झेललेल्या एका कपात पडला, आणि नृत्यमंडळाच्या बायकांना वाटलं ही फिलिपिनो पद्धतच असणार. गाणं संपलं, जहाज सरळ झालं, आणि बसलेल्या बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या. टाळ्या इतक्या झाल्या, की तिकडे केबिनमध्ये कोंडलेल्या इंग्रज गृहस्थाला वाटलं आपण बरे झालो म्हणून कुणी आनंद करतंय.

धाकट्या मॅडमनी डोळे उघडले. "आता सगळे मला ओळखतील," त्या म्हणाल्या. खांबाआडून थोरल्या बाहेर आल्या आणि त्यांनी बहिणीचा विस्कटलेला झगा नीट केला. "आजपासून मी वेगळा शिंपी बघते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कपातून चिमटा काढून माझ्या हातात दिला. "कार्पो, दोघी बहिणींना तू अगदी समान वागवलंस."

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांना त्या एकच."

सिंगापूरला मी उतरलो. नृत्यमंडळ कठड्याशी उभं राहून हात हलवत होतं.

शनिवारी सकाळी मिआगाओच्या चर्चमध्ये रोदोराने माझा हात इतका घट्ट धरला होता, की जहाज कललं असतं तरी आम्ही पडलो नसतो. काका मागच्या बाकावर बसून रडले. दुःखाने की सुटकेने, ते विचारलं नाही. आणि दुपारी जेवणावळ उरकल्यावर बँड सुरू झाला, तेव्हा सारा गाव माझ्याकडे बघायला लागला. जहाजावरची हकिगत माझ्याआधी गावात पोचली होती. अर्थात ती मीच फोनवरून पोचवली होती, आणि तिच्यात वादळ जरा मोठं होतं.

मी फेलिंगच्या हातातली पर्स घेऊन खुर्चीवर ठेवली. संसाराला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आम्ही नाचलो. मी तिला सुपासारखं नेलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "हे सगळं कुठे लपवून ठेवलं होतंस रे, चोरा?" म्हातारे जागेवरून उठून बघत होते. बँडवाले आज माझ्याकडे बघून वाजवत होते.

गाणं संपलं. आणि माझे पाय आपोआप थांबले, मी आपोआप वाकलो, फेलिंगला खुर्चीपाशी नेऊन बसवलं, वळलो, एकटी बसलेली बाई दिसली, आणि तिच्यापुढे हात केला.

ती पर्पेतुआ होती. बिबिंगका, म्हणजे तांदळाचा केक विकणारी विधवा. जिच्याशी फेलिंग, चौकातल्या एका जुन्या स्पर्धेपासून, शब्द बोललेली नाही.

साऱ्या मांडवात फक्त भाजलेल्या डुकराची चरबी तडतडत होती.

"फेलिंग," मी म्हणालो, "नियम आहे. लागोपाठ दोन गाणी नाहीत."

"असं?" फेलिंग गोड आवाजात म्हणाली. "चांगला नियम आहे. मीही पाळते."

ती उठली आणि एलिसेओच्या भावाबरोबर नाचली. मग व्याह्यांबरोबर. मग लंगड्या काकांबरोबर, आणि ते चक्क लंगडायचे थांबले. कुणाबरोबर लागोपाठ दोनदा म्हणून नाही. संध्याकाळपर्यंत अख्खा मांडव तिच्या हाताखालून गेला, पर्पेतुआसकट. आणि त्या दोघी तर नाचता नाचता माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या.

समुद्र गाजवलेला पोलिकार्पो नोब्लेझा कुठे होता म्हणता? कडेच्या बाकावर. एका मांडीवर फेलिंगची पर्स, दुसऱ्या मांडीवर पर्पेतुआची, आणि हातात दोन पंखे. पण एक सांगतो, दोन्ही पर्स मी अगदी समान धरल्या होत्या.