आप्पांची पुढची सीट

मारुती आप्पांना रताळ्यांचा भाव विचारला की ते विमानाचा सांगत.

"मास्तर, सांजच्याला यार्डात उरलेली रताळी आपण कशी सोडतो? पडेल भावात. का? दुसऱ्या दिवशी कोण विचारतंय! तसंच इमानातल्या पुढच्या शिटीचं. दार लागलं की रिकामी शीट सडली. म्हणून आदल्या दोन दिवसांत कंपनी नरम येती. तवा बोली लावायची!"

कंग्राळीत आमच्या घराला त्यांची भिंत लागून आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला आणि आप्पा रताळ्या-बटाट्यांत केस पिकलेले. तोवर आम्ही दोघेही विमानात बसलो नव्हतो. पण त्यातल्या पुढच्या वर्गात स्वस्तात कसं शिरायचं, हे आप्पा वर्षभर आल्या-गेल्याला समजावत होते. त्यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं आप्पांचं होतं.

कारण त्यांची बायको, काशाक्का. त्यांची लेक सुनंदा लंडनला असते. तिला मूल झालं आणि इकडे आक्कांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "एवढा प्रवास बसून नाही. आडवं पडून जाणार असाल तर जा." पुढच्या सीटची खाट होते, हे सुनंदानं सांगितलं. त्या सीटचा पूर्ण दर ऐकून आप्पांनी फोन पालथा घातला. लेकीकडून पैसे घेणं त्यांच्या गणितात नव्हतं. मग अभ्यास सुरू झाला.

संध्याकाळी ते गच्चीवर चटई टाकून पडत. सांबऱ्याच्या विमानतळाकडून एखादं विमान वर चढे, उसाच्या धुराच्या पट्ट्यातून जाई आणि नाहीसं होई. ते दिसेनासं झालं तरी आप्पा तिकडेच बघत राहत. आम्हीही त्यांच्याबरोबर बघत राहायचो, उगाचच.

"अगदी सस्तातलं तिकीट घ्यायचं न्हाय," ते आभाळाला सांगत, "त्याला वर उचलतच न्हाईत. एक पायरी वरचं घ्यायचं. खास जेवण मागायचं न्हाय. डबा मागं चढला की माणूसबी मागंच. आनी कोट पायजे."

"कोट कशाला?"

"मागं दाटी झाली तर पुढं कुणाला न्हेतील? मला का धोतरातल्या तुला?"

"मी कधी नेसतो धोतर?"

"मग तुला न्हेतील. मला कोट पायजेच."

हे बसण्याचं शास्त्र त्यांनी लाल बसमध्येही लावून पाहिलं. निपाणीमार्गे कोगनोळीला जाताना लग्नातला कोट घालून अगदी शेवटच्या सीटवर बसले आणि कंडक्टर पुढं बोलावतो का ते बघत राहिले. तवंदी घाटात दोनदा डोकं टपाला आपटलं. कोगनोळीच्या पाहुण्यांनी विचारलं तर म्हणाले, "सराव चाललाय."

शेवटी तिकिटं काढली. दोन वेगवेगळी, कारण जोडीनं दोन सीटा मिळणं कठीण. एकावर पुढच्या सीटसाठी बोली लावायची आणि आक्कांना पुढं पाठवायचं. बोली मंजूर झाल्याचा निरोप आला तेव्हा आप्पांनी मला भिंतीवरूनच हाक मारली. मी मोबाइल वाचला, पुन्हा वाचला.

"आप्पा, ही सीट तुमच्या नावावर आलीय."

जन्मभर रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत घरातल्या प्रत्येक कागदावर आधी त्यांचं नाव. हात सवयीनं तिथंच गेला होता. दोन तिकिटांतलं स्वतःचं निवडून त्यावर बोली लावून बसले होते. कंपनीला फोन केला. नाव बदलता येत नव्हतं. आप्पा पायरीवर बसले, ते आक्कांनी जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

"न्हाय जायचं तर न्हाय जाऊ," आक्का म्हणाल्या. "पोर तिकडनं फोनवर दाखवतीया न्हवं बाळ."

"गप. जायचं."

मी सांबऱ्यापर्यंत सोडायला गेलो. बेंगळुरूला जाणारं लहान विमान होतं, लंडनचं मोठं तिथून. आप्पांनी काउंटरवर विचारलं, "पुढचा वर्ग कुठाय?" मुलगी हसली, "अज्जा, या विमानात एकच वर्ग." आप्पा म्हणाले, "मग पायलट कुठल्या वर्गात बसतो?" ते कोटात होते. आक्कांच्या कमरेला पट्टा होता.

परत आल्यावर आप्पा महिनाभर पुढची सीट सांगत होते. बटण दाबलं की पाय कसे वर येतात, गरम टॉवेल कसा चिमट्यानं देतात. मध्येच अडखळत आणि स्वयंपाकघरातून आक्का सांगत, "टावेल न्हवं, आधी रस." गाव हसलं आणि चिडलंही. कमरेनं मोडलेल्या बायकोला मागं टाकून हा पुढं निजला! एका लग्नाच्या पंगतीत मी म्हणालो, "आप्पांच्या शेजारी बसू नका, ते एकट्याचंच ताट पुढं ओढतात." पंगत खदखदून हसली. आप्पाही हसले. ते वाक्य अजून गावात फिरतं, आणि ते माझं आहे.

परवा काशाक्का आमच्याकडे आल्या होत्या. कुणीतरी तेच वाक्य बोललं आणि आक्कांनी कप खाली ठेवला.

"भावजी, मी निजलेते पुढं. इमान वर गेलं तसं ह्यांनी तिथल्या पोरीम्होरं हात जोडले, डाक्टरचा कागद दाखवला. तिनं मला धरून पुढं न्हेलं. हे माझ्या जागी मागं. उतरताना पाय सुजलेले, बुटात जाईनात."

"मग आप्पा असं का सांगत होते?"

"माझ्या जावा हाईत न्हवं! दादल्याला मागं बसवून बाई पुढं निजली म्हणल्या असत्या. हे म्हणाले, तुला नको, मलाच म्हणू देत. मला सांगू दिलं न्हाय. आता म्हातारी झाले, मला कोण काय म्हणतंय. लिवा तुम्ही."

म्हणून लिहिलं.

लिहिण्याआधी गच्चीवर गेलो. माफी मागायची होती, पण आप्पांनी हातानंच थांबवलं आणि चटईवर सरकून जागा केली. मी शेजारी आडवा झालो. मग मी विचारलं, "मागं कसं वाटलं?"

"खिडकी हुती. खाली नुसता कापूस. घरघर बी ऐकू येईना. मला वाटत हुतं, पुढं ती निजलीया, म्हणून इमान हळू चाललंय."