साळवे सरांची शेवटची दुरुस्ती

आमच्या वारज्याच्या सोसायटीत 'पाणी जपून वापरा' अशी पाटी लागली, की संध्याकाळपर्यंत तिच्याखाली बारीक अक्षरात 'आल्यास' लिहिलेलं असे. अक्षर साळवे सरांचं. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे. कुठलंही वाक्य आहे तसं सोडणं त्यांना जमायचं नाही. "दुरुस्ती सुचवतो," म्हणायचे आणि सुचवायचेच. एका बारशात तर बाळाचं नाव कानात सांगून झाल्यावर त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा काढला होता.

मग त्यांच्या समोरच्या वंदनाचा नवरा अचानक गेला. घरकर्जाचे हप्ते थकले आणि दारावर बँकेची ताब्याची नोटीस चिकटली. सरांनी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली, पण तिच्यावर पेन चालवलं नाही. त्या दिवसापासून त्यांना एकच दुरुस्ती सुचायला लागली: घर काढून घेण्याआधी त्यात राहणाऱ्या माणसाचं म्हणणं कुणीतरी समोर बसून ऐकलंच पाहिजे, असं कायद्यात हवं. ती घेऊन ते आमदारांच्या कचेरीत गेले. तिथे कळलं, कायदा दिल्लीचा आहे. मग खासदारांच्या कचेरीत गेले. तिथल्या मदतनिसाने विचारलं, घर तुमचं आहे का? नाही म्हटल्यावर, मग तुम्हाला कोण म्हणून नोंदवू, असं त्याने विचारलं.

"शेजारी," सर म्हणाले. "तसा रकाना नसेल, तर तीही दुरुस्ती करून घ्या."

अर्जाची पोच तेवढी मिळाली.

ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा वंदना कामावर होती. घरात तिच्या सासूबाई एकट्या. मी तिला फोन लावत होतो, तोवर सर खुर्ची घेऊन तिच्या दारात बसले. बँकेचा अधिकारी तरुण होता, नीट बोलत होता. वरून आदेश आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

"आजींचं ऐकून घेणं तुमच्या हातात आहे," सर म्हणाले आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला. आजी बराच वेळ बोलल्या, फक्त मुलाबद्दल. घराचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. मग उठून दाराला सील लावलं.

भाड्याची खोली मिळेपर्यंत दोघी सरांकडेच राहिल्या. त्या तिकडे राहायला गेल्यानंतर एकदा मी सरांकडे डोकावलो. ऊन चांगलंच वर आलं होतं, तरी सर अंथरुणातच. बरं नाही का, म्हणून विचारलं.

"ठणठणीत आहे," सर म्हणाले. "आजी पहाटे खोकायच्या. मग मी उठून चहा टाकायचो."

मग उशी सारखी करत म्हणाले, "आता उठतो. घाई कसली आहे?"