हातावर तोललेला एसएमपीएस

इंदुमतीबाईंनी नारळापासून कुकरपर्यंत सगळं आयुष्यभर हातावर तोलून घेतलं होतं. दिल्लीच्या नेहरू प्लेसला कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, घेतानाही त्यांनी तेच केलं.

मानेसरची नोकरी सुटल्यावर त्यांच्या मुलाने, सुधन्वाने, घरीच बिल्डरांना इमारतींची चित्रं करून द्यायला घेतली होती. पण चित्र मोठं झालं की जुना डबा मान टाकायचा. पहिलं मोठं काम मंगळवारी द्यायचं होतं. ते गेलं, तर हप्ते थकलेला द्वारकेचा फ्लॅटही जाणार.

"आई, हा चांगल्या कंपनीचा घेऊ."

"हा? आत नुसती हवा! तो बघ, वर हजार वॉट लिहिलंय, आणि हात कसा खाली जातो!"

सोमवारी दुपारी फाट्कन आवाज झाला. धूर निघाला. कॉम्प्युटर बंद पडला, चित्र गेलं. सुधन्वाने डबा उघडला. आत चार वायरी आणि एक सिमेंटचा गोळा.

इंदुमतीबाईंनी गोळा उचलला. "आपल्या गॅलरीत एवढं घातलं असतं, तर ती गळली नसती."

तेवढ्यात बिल्डर खुरानांचा फोन आला. सुधन्वा नुसताच बघत राहिला, म्हणून बाईंनी उचलला.

"कल नहीं होगा. घर में गमी हो गया है."

"अरे! कौन गुज़र गया?"

समोर हणमंतराव पेपर वाचत होते. धडधाकट नवऱ्याला मारायला जीभ रेटेना.

"सुधन्वा की माँ."

"और आप?"

"मौसी."

"राम राम! तेरहवीं के बाद दीजिए, कोई जल्दी नहीं."

"मिळवले की नाही दिवस?" फोन ठेवून बाई म्हणाल्या. "आता चांगला डबा आण आणि बस कामाला."

संध्याकाळी बेल वाजली. दारात पांढऱ्या कुर्त्यात खुराना. बाईंनी कपाळावर पदर ओढला आणि मौसी होऊन पाणी आणलं. हणमंतरावांना चेहरा पाडावा लागला नाही. तो दुपारपासून पडलेलाच होता.

"माताजी कैसी थीं, बेटा?"

सुधन्वाने टेबलावरच्या सिमेंटकडे पाहिलं. "किसी की सुनती नहीं थीं."

"बिल्कुल नहीं," हणमंतराव म्हणाले. इतक्या मोठ्याने ते लग्नानंतर बोललेच नव्हते.

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण खुराना त्यांच्याकडेच वळले. "बहनजी, आप तो सगी बहन हैं. सच में ऐसी थीं?"

इंदुमतीबाईंनी सुधन्वाकडे पाहिलं. पदर आणखी खाली ओढला.

"हां," त्या म्हणाल्या. "नहीं सुनती थी."