तळ्यावरची हजेरी

मुलाणीचाचांनी खंड्याला लेट मार्क लावला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. सकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती. तो निळाभोर पक्षी येऊन बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसला, आमच्या सगळ्यांच्या तोंडून आपसूक 'अहाहा' निघालं, आणि चाचांनी मनगटावरचं घड्याळ बघून रजिस्टरमध्ये काहीतरी खरडलं. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'खंड्या, कायम. ७.१२. लेट.'

"रोज पावणेसातला येतो," चाचा म्हणाले. "आज काय झालं कुणाला ठावं."

आवाजात राग नव्हता. पण आपलं खपून गेलं असं खंड्यानं समजू नये, एवढी जरब नक्की होती.

आता हे चाचा कोण, ते सांगते. भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला तीस वर्षं काढलेला माणूस. टाइम ऑफिस म्हणजे गेटाला लागून असलेली ती खिडकीवाली खोली, जिथे कामगार आत येताना त्याची हजेरी लागते. मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले, पण नोकरीपायी भोसरीत आले ते तिथलेच झाले. कारखाना बंद पडला, हजेरी काही सुटली नाही. लांबट, हिरव्या कापडी पाठीचं मस्टर त्यांनी स्वतः विकत आणलं आणि त्यात तळ्यावरचे पक्षी भरती करून घेतले.

मी या भानगडीत पडले ती डॉक्टरांमुळे. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि मोशीत राहते, म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग ट्रॅफिकमध्ये बसून घालवते. डॉक्टर म्हणाले, चाला. आमच्याच सोसायटीतला नितीन म्हणाला, मॅडम, नुसतं काय चालताय, रविवारी पक्षी बघायला या. नितीन आयटीत आहे. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स माझ्या हाताएवढी लांब आहे आणि तिला तो थंडीत मफलर गुंडाळतो.

तळं म्हणजे काय, तर चाकणकडे जाताना रस्त्यापासून आत असलेली दगडाची जुनी खाण. ओढ्याचं पाणी साठत गेलं, कडेनं पाणकणीस माजलं आणि पक्षी येऊ लागले. तळ्याला नाव नाही. नितीननं आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर नाव ठेवण्याची स्पर्धासुद्धा घेतली होती. चाचा मात्र त्याला 'खातं' म्हणतात. "आज खात्यात गर्दी हाय," असं ते म्हणाले की समजावं, बदकं उतरली आहेत.

या खात्याची रचना त्यांनी पहिल्याच दिवशी मला समजावून सांगितली. बारा महिने राहणारे ते कायम. हिवाळ्यात बाहेरून येणारे ते हंगामी. पाणकावळे सतत बुडी मारून खालचं तपासतात म्हणून ते मेंटेनन्सचे. टिटवी सिक्युरिटीत, कारण कुणीही आलं की आधी तीच बोंबलते. आणि चित्रबलाक, ते उंचेपुरे, गुलाबी पिसांचे, एका पायावर तासन्‌तास काही न करता उभे राहणारे, ते मॅनेजमेंट. एखादा पक्षी खुणेवरून वेगळा ओळखता आला की त्याला कामगारासारखा टोकन नंबरही मिळे.

नियम एकच होता आणि तो ते येता-जाता ऐकवायचे: "बघितला तर हजर, न्हाई तर गैरहजर. मधलं काय नसतं." एकदा नितीन धावत आला, पलीकडच्या पाणकणसात एक दुर्मीळ पक्षी ओरडताना त्यानं ऐकला होता. आम्ही सगळे टाचा उंचावून उभे. चाचांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. गेटाबाहेरनं हाळी देऊन हजेरी लागत नसते, त्याला आत यायला सांगा, असं म्हणून ते पाण्यातल्या टिबुकल्या मोजू लागले. नितीन त्या पाणकणसाकडे तोंड करून तासभर बसला. पक्षी काही आत आला नाही.

मोजण्याची त्यांची पद्धतही अशीच. उजव्या खिशात खडे. दहा पक्षी झाले की एक खडा डाव्या खिशात. आम्ही 'असतील शे-दीडशे' म्हणून मोकळे व्हायचो, ते एकशे सदतीसवर थांबायचे. त्या वेळी मध्ये बोलायचं नाही. आमच्यातल्या एका इंजिनिअरनं एकदा ऐन मोजणीत त्यांना "चाचा, चहा?" असं विचारलं. चाचांनी डाव्या खिशातले सगळे खडे उजव्यात टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात बदकं उडाली. त्या इंजिनिअरशी ते पुढे महिनाभर बोलले नाहीत.

माणसांसाठी मस्टरच्या शेवटी वेगळं पान होतं. सातनंतर पाच मिनिटं सवलत, त्यापुढे अर्धा दिवस. अर्धा दिवस लागला की त्यांच्या थर्मासमधला चहा साडेआठपर्यंत मिळत नसे. मला तो इतक्या वेळा लागला आहे की कॉलेजात उशिरा येणाऱ्या पोरांना रागावताना माझी जीभ अडखळते. रजिस्टर मात्र ते कुणाच्या हातात देत नसत. डोकावायची मुभा होती, पानं उलटायची नाही.

चाचांच्या सूनबाई मला एकदा भोसरीच्या मंडईत भेटल्या. म्हणाल्या, तुमी आमच्या अब्बांना तळ्यावर नेता ते लई बरं करता, न्हाईतर रोजच्या लेट मार्कांना कंटाळून दूधवाल्यानं रतीब सोडला असता.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग टिपर आले.

आजूबाजूला टॉवर उभे राहताहेत, त्यांचा राडारोडा कुठेतरी टाकायला हवाच होता. तो आमच्या तळ्यात पडायला लागला. एका रविवारी पाहतो तर पश्चिमेच्या काठावर विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटची रिकामी पोती. पुढच्या रविवारी पाणकणसाची अर्धी पट्टी गाडली गेलेली. टिपर कुणाचे ते कुणालाच माहीत नव्हतं, ड्रायव्हरला विचारलं तर तो दुसऱ्या ड्रायव्हरकडे बोट दाखवायचा. नितीननं ऑनलाइन तक्रारी केल्या. सोसायट्यांच्या गेटांवर टेबलं टाकून आम्ही सह्या गोळा केल्या. गावातल्या शेतकऱ्यांनीही केल्या, त्यांची गुरं त्या पाण्यावर येतात. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांना थांबवून बगळ्यांविषयी बोलत होते आणि मला त्यात मजा येत होती, हे कबूल करायला हवं.

शेवटी फेब्रुवारीत तहसील कचेरीतून उत्तर आलं. एक साहेब बुधवारी सकाळी जागेवर येऊन पाहणी करणार होते. इथे खरोखर पाणपक्षी आहेत असं त्यांनी लिहिलं तर टिपर बंद होणार होते. 'पडीक खड्डा' असं लिहिलं, तर एका महिन्यात तिथे सपाट मैदान झालं असतं. सगळं त्या एका सकाळवर होतं.

आणि आदल्या दिवशी, मंगळवारी, टिपर दिवसभर येत राहिले. कुणीतरी त्यांना पाहणीचं कळवलं असणार. बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. टिटवीसुद्धा ओरडली नाही. गढूळ पाण्यावर थर्माकोलचा एक तुकडा तरंगत होता, त्याला लांबून नितीननं आशेनं बगळा समजून फोटोही काढला.

साहेब यायला पंधरा मिनिटं होती. नितीननं चाचांना बाजूला घेतलं. रविवारी दोनशेवर पक्षी होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलेत, तेवढेच आजच्या तारखेला लिहा, खोटं कुठे आहे त्यात, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं त्यानं परोपरीनं विनवलं. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, माझ्या मनातही तेच होतं.

चाचांनी रजिस्टर छातीशी धरलं. "बघितला तर हजर," ते म्हणाले, आणि पुढचं म्हणायची त्यांना गरज पडली नाही. मला त्यांचा संताप आला. डोळ्यांसमोर तळं बुजत होतं आणि हा माणूस नियम सांगत होता.

साहेब आले. चाळिशीचे, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारे. रिकाम्या पाण्याकडे पाहून त्यांनी फक्त भुवई उंचावली. मग विचारलं, पक्ष्यांची काही नोंद आहे का तुमच्याकडे? चाचा पुढे झाले आणि आम्हाला कधी हात लावू न दिलेलं ते मस्टर त्यांनी साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेब पानं उलटू लागले. सुरुवातीला ते हसू दाबत होते, बहुधा मॅनेजमेंटपर्यंत आले असावेत. मग हसू गेलं. प्रत्येक तारखेपुढे आकडा होता आणि शेवटच्या रकान्यात शेरा. जिथे 'टिपर ४' होतं तिथे पक्षी निम्मे. जिथे 'टिपर ९', तिथे ओळच्या ओळ गैरहजर. टिपर नसले की पक्षी परत. तीन महिन्यांचं हे सगळं चाचांनी रोज येऊन लिहिलं होतं. आम्हाला वाटायचं, ते आमच्यासारखेच रविवारचे. साहेब पुढे-मागे पानं करून तारखा ताडून पाहत होते.

मग ते आजच्या पानावर आले आणि थांबले.

"आज सगळे गैरहजर लिहिलेत. मग हा एकच हजर कसा? राखी बगळा, टोकन सात. कुठे आहे तो?"

आम्ही सगळ्यांनी तळ्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. चाचा स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"न्हाई आला साहेब," ते म्हणाले. "दिवाळीपासनं आला न्हाई."

साहेबांनी मागची पानं काढली. दिवाळीपासून रोज, एकही दिवस न चुकता, टोकन सातपुढे 'हजर'. नितीननं डोक्याला हात लावला. ज्या माणसानं आत्ताच खोटी हजेरी लावायला नकार दिला होता, तो तीन महिने रोज एक खोटी हजेरी लावत होता. आणि ती नेमकी आजच सापडली होती.

"हे खोटं असेल तर बाकीचं खरं कशावरून समजू?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

चाचा मान वर न करता सांगू लागले. "गेल्या सालच्या संक्रांतीला पतंगाच्या मांजात गावला होता. सोडवला मी, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली. तवापासनं मला बघून उडायचा न्हाई. मी लिवत बसायचो, ह्यो तिथं उभा." त्यांनी टोकन सातच्या ओळीवर बोट ठेवलं. "आठ दिस न सांगता गैरहजर राहिला तर नाव कापायचं, असा नियम हाय. आमची कंपनी बंद पडली तवा सगळ्यांची नावं कापायचं काम माझ्याकडंच आलं. दोन दिस लाल शाईनं कापत हुतो. एकेकाचं तोंड समोर यायचं. शेवटचं माझंच. तवाच ठरीवलं, आता न्हाई कुणाचं कापायचं."

इतके महिने मी या माणसाच्या नियमांवर हसत होते, घरी येऊन नवऱ्याला नकला करून दाखवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

साहेब म्हणाले, खोटंच लिहायचं असतं तर यांनी आज दोनशे लिहिले असते. मग पंचनामा लिहायला घेतला. टिपर यायच्या वाटेवर आजच आडवा चर खणायचा, असं त्यात घातलं, आणि रजिस्टरची प्रत सोबत जोडायची ठरली. "पण ही नोंद अशी चालणार नाही," ते चाचांना म्हणाले. "वर कुणी तपासलं तर सगळंच उडवून लावतील. एवढी दुरुस्त करून द्या."

चाचांनी खिशातून लाल पेन काढलं. टोपण उघडलं. टोकन सातच्या ओळीवर पेन नेलं आणि ते तिथेच राहिलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"ताई, तुमी करा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी मस्टर मांडीवर घेऊन दगडावर बसले. दिवाळीपासूनची ती सगळी 'हजर' खोडली, प्रत्येक पानावर. साहेब वरून पाहत होते. नाव कापायची वेळ आली तेव्हा माझाही हात धजेना. मग मी नावाला हात न लावता पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'रजेवर'. साहेबांनी ते वाचलं, नितीनकडे पाहिलं, आणि चर किती खोल हवा याविषयी त्याच्याशी बोलू लागले.

चाचांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली.

"रजा मंजूर कुणी केली?"

"मी," मी म्हटलं.

"मग सही करा तिथं."

मी सही केली. आजची तारीख घातली. पुढे कामावर परत येण्याच्या तारखेचा रकाना होता, तिथे काय लिहायचं ते मला कळेना, म्हणून मी वर पाहिलं. चाचा पाण्याकडे पाहत होते. ती जागा मोकळी ठेवा, म्हणाले.